एलियाहू, इलियास आणि मलिद्याचें ताट

आपल्या घरांत मुलाच्या वाढदिवशीं त्यास अभ्यंगस्नान घालून, पाटावर बसवून, तीळ व गूळ घातलेलें दूध देण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणीं चालू आहे. त्या प्रसंगीं मार्कंडेयाचें आणि अश्वत्थामा, बळि, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम या सात चिरंजीवांचें स्मरण करितात. हे पुरुष मृत्यूच्या तावडींतून सुटले. त्यांच्या आयुष्याचा लवलेश या बाळास लाभो, एवढाच त्या विधीचा सरळ अर्थ. ही चिरंजीवांची कल्पना केवळ आपलीच, असें आपण सहज धरून चालतों. परंतु याच पुणें शहरांत आपल्या शेजारीं दोन समाज असे आहेत कीं, जे एका निराळ्याच चिरंजीवास मानतात, आणि तो दोघांचाहि एकच आहे. बेने इस्राएल लोक त्यास एलियाहू हन्नाबी म्हणतात. मुसलमान कुटुंबांत त्याचें नांव इलियास. पहिल्यांच्या घरीं त्याच्या नांवानें पोह्यांचें ताट मांडतात. दुसऱ्यांच्या घरीं त्याचें नांव हौसेनें मुलास ठेवितात. हा पुरुष कोण, तो या दोन्ही घरीं कसा आला, आणि दोन्ही घरीं तो एकसारखाच आहे काय, याचा थोडा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

नांवापासूनच आरंभ करूं. 'एलियाहू' हें हिब्रू नांव असून 'यहोवा हाच माझा देव' असा त्याचा अर्थ आहे. 'हन्नाबी' या पदांतील आरंभींचा 'ह' हा केवळ निर्देश करणारा आहे, आणि 'नाबी' म्हणजे देवाचा संदेश लोकांस सांगणारा पुरुष. हाच शब्द अरबी भाषेंत 'नबी' म्हणून आहे व उर्दूच्या द्वारें तो आपल्या कानांवर नेहमीं पडतो. हिब्रू व अरबी या सख्ख्या बहिणी शोभाव्या इतक्या जवळच्या भाषा. तेव्हां एका धर्माचा 'नाबी' दुसऱ्या धर्मांत 'नबी' म्हणून ओळखला जावा यांत नवल नाहीं.

मूळ कथा यहुदी धर्मग्रंथांतील 'राजे' या भागांत आहे. काळ ख्रिस्तपूर्व नववें शतक. इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यावर अहाब नांवाचा राजा होता. त्याची राणी ईजेबेल ही सीदोनच्या राजाची कन्या. तिनें माहेरचा बआल हा देव सासरीं आणिला, आणि राजानेंहि त्याचें देऊळ बांधिलें. बआल हा पावसाचा व पिकांचा देव समजला जाई. अशा वेळीं यार्देन नदीपलीकडच्या गिलाद प्रांतांतील हा एलियाहू एकाएकीं राजापुढें येऊन उभा राहिला, आणि आपण सांगूं तोंवर या देशांत पाऊस पडणार नाहीं असें त्यानें बजाविलें. पावसाच्या देवाची परीक्षा पावसानेंच घ्यावयाची, हा त्यांतील मुद्दा.

अवर्षण पडलें. एलियाहू एका ओढ्याकांठीं लपून राहिला. तेथें कावळे त्यास अन्न आणून देत. ओढा आटल्यावर तो सारफथ नांवाच्या गांवीं गेला. हा गांव सीदोनच्या मुलखांतला, म्हणजे ज्या राणीशीं त्याचें हाडवैर, तिच्याच माहेरचा. वेशीपाशीं एक विधवा काटक्या गोळा करीत होती. तिच्या घरीं मडक्यांत मूठभर पीठ व कुपींत थोडें तेल, एवढेंच उरलें होतें. त्याची शेवटची भाकरी करून मुलासह खावी व मग मरणाची वाट पाहावी, असा तिचा निश्चय झालेला. एलियाहूनें तिच्याजवळ आधीं पाणी आणि मग त्याच पिठाची एक लहान भाकरी मागितली. तिनें ती दिली, आणि अवर्षण संपेपर्यंत तिच्या मडक्यांतील पीठ सरलें नाहीं व कुपींतील तेल आटलें नाहीं. द्रौपदीच्या थाळीची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आमच्या वाचकभगिनींस या मडक्याची ओळख पटण्यास वेळ लागणार नाहीं.

पुढील भाग उग्र आहे. कर्मेल पर्वतावर एलियाहू एकटा आणि बआलाचे ४५० उपासक, असा सामना झाला. ज्याचा देव आकाशांतून अग्नि पाठवून बलि स्वीकारील तो खरा, असें ठरलें. अग्नि एलियाहूच्या वेदीवर उतरला. त्यानें त्या उपासकांस पकडवून ओढ्याकांठीं ठार करविलें. आणि मग समुद्रावर तळहाताएवढा एक ढग दिसूं लागून मुसळधार पाऊस झाला. राणीनें सूड घेण्याची शपथ वाहिली, तेव्हां तो रानांत पळाला व होरेब पर्वतावर गेला. तेथें प्रथम सोसाट्याचा वारा सुटला, मग भूकंप झाला, मग अग्नि पेटला. पण या तिहींतहि देव नव्हता. नंतर एक अतिशय मंद, हळुवार आवाज आला, आणि एलियाहूनें आपला चेहरा वस्त्रानें झांकून घेतला. शेवटीं अलीशा नांवाच्या शिष्यादेखत अग्नीचा रथ व अग्नीचे घोडे आले, आणि तो वावटळींतून सदेह स्वर्गास गेला. परमेश्वराचा महान् दिवस येण्यापूर्वीं तो पुन्हां येईल, असें पुढें मलाखी या संदेष्ट्यानें सांगून ठेविलें. म्हणून वल्हांडणाच्या रात्रीं यहुदी लोक त्याच्या नांवानें द्राक्षारसाचा एक पेला भरून ठेवितात, आणि मुलाच्या सुंतेच्या वेळीं त्याच्यासाठीं एक खुर्ची रिकामी मांडतात. ज्यांस ही सारी कथा मराठींत वाचावयाची असेल त्यांस दूर जाण्याचें कारण नाहीं. पंडिता रमाबाई यांनीं पुण्याजवळ केडगांवीं मुक्तिसदनांत राहून, हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, १९२२ सालीं आपल्या मृत्यूपूर्वीं बायबलाचें जें मराठी भाषांतर सिद्धीस नेलें, त्यांत ती आहे.

आतां कुराणाकडे वळूं. कुराणांत इलियासचें नांव दोन सूऱ्यांत येतें. सहाव्या सूऱ्यांत तो झकरिया, यह्या व ईसा यांच्या पंक्तीस बसविला असून हे सर्व सज्जनांपैकीं होते असें म्हटलें आहे. सदतिसाव्या सूऱ्यांत सुमारें दहा लहान लहान आयतींत त्याची हकीकत आहे. तो आपल्या लोकांस विचारतो कीं, तुम्हांस देवाचें भय नाहीं काय? उत्तम निर्मात्यास सोडून बआलाची आळवणी कां करितां? लोक त्यास खोटें ठरवितात; आणि शेवटीं त्याच्यावर शांति असो असा आशीर्वाद येतो. बस्स, एवढेंच. कावळे नाहींत, विधवा नाहीं, कर्मेलावरचा सामना नाहीं, पुजाऱ्यांचा वध नाहीं, अग्नीचा रथहि नाहीं. कथेचा सारा फुलोरा गळून केवळ उपदेशाचा कणा उरला आहे. यहुदी ग्रंथांतील एलियाहू हा एका विशिष्ट राजाच्या काळचा, विशिष्ट भूमीवरचा पुरुष आहे. कुराणांतील इलियास हा नूह, इब्राहीम, मूसा यांच्या मालिकेंतील एक मणि आहे. प्रत्येक संदेष्ट्यानें एकच गोष्ट सांगितली आणि प्रत्येकाच्या लोकांनीं ती नाकारली, हें दाखविण्यासाठीं तो तेथें येतो.

पण लोकांस नुसत्या कण्यानें समाधान होत नाहीं. कुराणानंतरच्या शतकांत मुसलमान कथाकारांनीं 'किसस-उल-अंबिया' म्हणजे संदेष्ट्यांच्या कथा लिहिल्या. त्यांपैकीं अकराव्या शतकांत वारलेल्या सअलबीचा ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहे. या कथांतून इलियास पुन्हां चिरंजीव झाला. देवानें त्यास पंख दिले, तेजाचें वस्त्र नेसविलें, व तो अर्धा मानव आणि अर्धा देवदूत झाला. चार संदेष्टे अजून जिवंत आहेत, असें परंपरा सांगते: ईसा व इद्रीस हे आकाशांत, आणि इलियास व खिज्र हे पृथ्वीवर. यांपैकीं खिज्राचें नांव कुराणांत नाहीं. अठराव्या सूऱ्यांत मूसास भेटलेला जो अनाम ज्ञानी पुरुष आहे, तोच खिज्र असें मानतात. खिज्र जलावर फिरतो, इलियास स्थलावर. वाट चुकलेल्या प्रवाशास दोघेहि वाट दाखवितात. दरवर्षीं हजच्या दिवसांत त्यांची भेट होते, व रमजानचे उपवास ते यरुशलेमेंत एकत्र करितात. निजामी या फारसी कवीनें तर आपल्या इस्कंदरनाम्यांत या जोडीस अमृताच्या झऱ्यापर्यंत नेऊन पोंचविलें आहे. हाच ख्वाजा खिज्र पुढें सिंधु नदीवर नावाड्यांचा रक्षक झाला, आणि सिंधी हिंदूंचा झूलेलाल व मुसलमानांचा हा जिंदा पीर यांची तेथें लोकांच्या मनांत सांगड पडली. फाळणीनंतर पिंपरीस येऊन राहिलेल्या सिंधी बांधवांच्या झूलेलालाचा संबंध अशा रीतीनें आपल्या विषयाशीं येऊन भिडतो.

आतां कोंकणांत उतरूं. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी आहे कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. बाकीच्यांचीं प्रेतें तेथेंच पुरलीं. आपल्यापैकीं कोंकणस्थांच्या घरांत सह्याद्रिखंडांतील जी कथा ठाऊक असते, तींतहि समुद्रांतून वाहून आलेलीं चौदा प्रेतें आहेत, व तीं परशुरामानें जिवंत केलेलीं आहेत. एवढ्यावरून दोन्ही समाजांचें मूळ एक असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. एका किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या कथाहि एकमेकींसारख्या होऊं लागतात, इतकेंच यावरून म्हणावें.

हे लोक गांवोगांव तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली असें नांव पडलें. पोथ्या समुद्रांत गेलेल्या. एक लहानशी प्रार्थना, शनिवारचा विसावा, सुंता व भक्ष्याभक्ष्याचे नियम एवढें पदरीं उरलें. बाकी सर्व त्यांनीं मराठींतून जगविलें. अब्राहामाचा अबाजी झाला, शमुवेलाचा समाजी, आणि एलियाहूचा एलोजी. सणांचीं नांवेंहि तशींच: नव्याचा सण, खिरीचा सण, आणि यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त झालें त्या दुःखाच्या उपवासास बिरड्याचा सण, कारण तो उपवास वालाच्या बिरड्यानें सोडावयाचा. या समाजाचे इतिहासकार हाईम शमुवेल केहिमकर यांनीं १८९७ सालीं लिहून पूर्ण केलेला व पुढें १९३७ सालीं छापला गेलेला इंग्रजी ग्रंथ आहे, त्यांत या नांवांची नोंद सांपडते. त्याच यादींत 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' असाहि एक सण आहे. हिब्रू संदेष्टा, अरबी 'उरूस', आणि दोघांस जोडणारा मराठी षष्ठीचा प्रत्यय. आमच्या मतें या तीन शब्दांत कोंकणचा अर्धा इतिहास आला.

हा उरूस शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीस, म्हणजे पौष किंवा माघ महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास येतो. झाडांचें नवें वर्ष म्हणून हा दिवस सर्वत्र यहुदी लोक पाळतात. त्यास एलियाहूच्या उरुसाची जोड मात्र कोंकणांत मिळाली. कारण अलिबाग तालुक्यांत खंडाळें नांवाचें गांव आहे (बोरघाटांतील खंडाळा नव्हे), तेथील एका खडकावर उमटलेल्या खुणा एलियाहूच्या घोड्यांच्या टापांच्या व रथाच्या चाकांच्या आहेत, आणि तेथूनच तो स्वर्गास गेला, अशी या लोकांची श्रद्धा आहे. नवस बोलण्यास व फेडण्यास ते तेथें जातात. यार्देनकांठचा रथ अशा रीतीनें अष्टागरांत आला. रामाचे व पांडवांचे पाय ज्या देशांत खडकाखडकावर उमटलेले आहेत, तेथें राहणाऱ्या लोकांनीं आपल्या संदेष्ट्यासहि या मातीवर पाऊल ठेवावयास लाविलें, यांत त्यांचें या भूमीवरील प्रेमच दिसतें.

नवस फेडण्याचा विधि म्हणजे मलिदा. लग्नापूर्वीं, मुलाच्या जन्मानंतर, नव्या घरांत प्रवेश करितांना, परदेशगमनाच्या वेळीं, दुखणेकरी बरा झाला असतां, हा विधि करितात. पोहे धुऊन मऊ करावयाचे. त्यांत साखर किंवा गूळ, ओल्या नारळाचा कीस व वेलदोड्याची पूड मिसळावयाची. वर बदाम, पिस्ते व मनुका घालावयाच्या. मोठ्या ताटांत याची रास करून भोंवतीं केळीं, खजूर व इतर मिळतील तीं, निदान पांच प्रकारचीं फळें मांडतात. गुलाबाचीं फुलें किंवा सब्जाच्या काड्याहि असतात. मग हिब्रू प्रार्थना होतात, एलियाहूचें स्तवन गातात, झाडाच्या फळास निराळा, जमिनींतील पिकास निराळा, सुवासास निराळा असा धन्यवाद म्हणतात, व प्रसाद वांटतात. दडपे पोहे करणाऱ्या कोणाहि कोंकणी सुगरणीस यांत मिरची-फोडणीच्या अभावाखेरीज अपरिचित असें कांहीं दिसणार नाहीं.

'मलिदा' हा शब्द मात्र फारसी. चोळणें, कुसकरणें या अर्थाच्या 'मालीदन' या धातूपासून तो आला. मुसलमान कुटुंबांत रोट किंवा पोळी कुसकरून तींत तूप व गूळ घालून मलिदा करितात, आणि दर्ग्यावर किंवा घरीं फातिहा पढून तो वांटतात. म्हणजे आपल्याकडे शिळ्या पोळीचा गूळतूप घालून जो लाडू मुलांस देतात, त्याचाच हा थोरला भाऊ. मराठींत मलिदा शब्दास पुढें फुकटच्या लाभाचा अर्थ चिकटला, तो या दोन्ही ताटांवर अन्याय करणारा आहे. एकाच शब्दाचीं हीं दोन ताटें, एक पोह्यांचें व एक पोळीचें, एकाच किनाऱ्यावर शेजारीं शेजारीं मांडलीं गेलीं. यहुदी लोकांनीं शब्द घेतला, पण ताटापुढें म्हटली ती आपलीच प्रार्थना.

कोंकणांतून हे लोक मुंबईस व पुण्यास आले. पुण्यांत यहुद्यांचें म्हणून जें प्रसिद्ध लाल देऊळ लष्कर भागांत आहे, तें बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनीं बांधविलें. काम १८६३ सालीं सुरू होऊन १८६७ सालीं पुरें झालें; त्यापूर्वींच, १८६४ सालीं, ससून यांचें पुण्यांत निधन झालें व त्याच आवारांत त्यांची समाधि आहे. बेने इस्राएलांचें स्वतःचें प्रार्थनामंदिर 'सुक्कथ शेलोमो' हें रास्ता पेठेंत १९२१ सालीं झालें. पहिल्याच्या उंच मनोऱ्याकडे सर्वांचें लक्ष जातें; दुसऱ्यावरून आपण रोज जातों आणि तें काय आहे हें घरांतील मुलांनीं विचारल्यास पुष्कळांस सांगतां येत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे शेवटीं सर्व एकच!' हें वाक्य आपल्या सुशिक्षित घरांत फार लवकर तोंडीं येतें, आणि आमचा त्यावरच आक्षेप आहे. एलियाहू व इलियास हे एकच असूनहि एकसारखे नाहींत, हें वर आलेंच. यहुद्यास तो यावयाचा पाहुणा आहे. मुसलमानास तो आपल्या पैगंबरापूर्वीं होऊन गेलेल्या साक्षीदारांपैकीं एक आहे. शिवाय दोघांच्याहि ग्रंथांत तो मूर्तीच्या उपासनेचा कट्टर शत्रु आहे. देव्हाऱ्यांत पंचायतन मांडून बसणाऱ्या आपल्यास ती गोष्ट गोड लागणार नाहीं. आणि कर्मेलाखालच्या ओढ्याकांठीं जें घडलें तें तर आम्हांस आजहि क्रूर वाटतें. ती बाजू झांकून ठेवून केलेलें कौतुक हें अज्ञानाचेंच एक रूप होय. विनोबांनीं कुराणाचें सार काढलें तें मूळ अरबी शिकून, वर्षानुवर्षें अभ्यास करून. समन्वय हा असा कष्टानें करावयाचा असतो. तो एका वाक्यानें उरकावयाचा नसतो.

मग मतभेद असतां शेजारधर्म कसा चालावा? याचें उत्तर आमच्या मतें त्याच कथेंतील सारफथच्या विधवेपाशीं आहे. बआलाशीं भांडणारा हा पुरुष उपासमारींत बआलाच्याच मुलखांत गेला, आणि त्या मुलखांतील बाईच्या हातची भाकरी त्यानें मागून खाल्ली. यहोवाचा उल्लेख तिनें 'तुमचा देव' असाच केला, तरी त्यानें भाकरी घेतली. भाकरीसाठीं त्यानें आपलें मत सोडलें नाहीं, आणि मतासाठीं भाकरीहि नाकारली नाहीं. आपल्या घरांत या दोन गोष्टींची गल्लत पिढ्यानुपिढ्या होत आली. एके काळीं आपण शेजाऱ्याचें ताट परत पाठवीत होतों व त्यास धर्म म्हणत होतों. आज आपण ताट घेतों, परंतु तें कशाचें, कोणाच्या नांवाचें, हें विचारीत नाहीं, व त्यास सुधारणा म्हणतों.

आणि विचारण्यास फार अवधि उरलेला नाहीं. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र झाल्यानंतर बेने इस्राएल कुटुंबें मोठ्या संख्येनें तिकडे गेलीं. तेथें प्रारंभीं त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढली गेली. त्याविरुद्ध त्यांस झगडावें लागलें, आणि १९६४ सालीं तेथील लोकसभेनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असें जाहीर केलें. तिकडेहि त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें, व तिकडच्या घरींहि मलिद्याचें ताट मांडलें जातें. त्याच देशांत हैफा येथें, कर्मेल पर्वताच्या पायथ्याशीं, एलियाहूची म्हणून एक गुहा आहे. यहुदी लोक तींत एलियाहूस नमस्कार करितात, आणि तीच गुहा मुसलमान अल्-खिज्र या नांवानें पूज्य मानीत आले. महाराष्ट्रांत मागें राहिलेला बेने इस्राएल समाज आतां कांहीं हजारांचाच आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें यहुद्यांस अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

तेव्हां आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, ओळखीच्या बेने इस्राएल घरांतून पोह्यांचें ताट आलें, अथवा मुसलमान शेजारणीनें कुसकरलेल्या पोळीचा मलिदा पाठविला, तर घरांतील मोठ्या माणसांनीं तो मुलांच्या हातावर ठेवितांना त्यांस ही हकीकत सांगावी: एलियाहू कोण, इलियास कोण, दोहोंत साम्य काय, भेद काय, आणि आपलें मत त्यांहून कोठें निराळें. रिकामें ताट परत पाठवूं नये ही आपल्या घरची जुनी रीत आहेच. तींत मूठभर तिळगूळ घालून, त्यासंगें आपल्या चिरंजीवांची गोष्टहि पाठवावी.